बिनदाराची गाडी

आमच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सासूसमोर मी 'हे' म्हणते, शेजारणींसमोर 'आमचे' म्हणते आणि मनातल्या मनात सरळ गोविंदा म्हणते. इथंही गोविंदाच म्हणणार आहे. ज्याला खटकेल त्यानं खुशाल नाक मुरडावं.

गोविंदा फौजेत आहे, आणि फौजेतही जे लोक कुठं जातात ते घरच्यांनाही सांगत नाहीत त्यांच्यातला. तिथं गाडी चालवतो. अमडापुरात एवढंच माहीत होतं आणि एवढंच माहीत असायला हवं होतं. माझ्या पार्लरमध्ये भुवया करायला आलेल्या बायका विचारायच्या, "म्हणजे ट्रक चालवते का?" मी म्हणायची, "हाव, ट्रकच." विषय संपायचा.

ट्रक नव्हता तो. मागच्या सुट्टीत एकदा जेवताना त्यानं आम्हा सासू-सुनेला त्या गाडीबद्दल सांगितलं. हलकी गाडी. विमानाच्या पोटात मावते, नाहीतर हेलिकॉप्टरखाली पट्ट्यांनी लटकवून नेतात, आणि रस्ता नाही तिथं टेकली की लगेच पळायला लागते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई सत्यभामाबाईंनी, ताटातून मान वर केली.

"दारं लोखंडाची हायेत का तिले?"

"दारं नाहीत, आई."

"मंग काचा?"

"काचा बी नाहीत अन् छत बी नाही. नुसते पाइप, सीटा अन् बंदूक बसवाची जागा. वजन वाढलं तं उचलाची कशी?"

"अन् गोळी आली तं?"

"गोळी येईपर्यंत आमी पुढं निघून जातो व."

तो हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आपल्या बैलबंडीले सुद्धा तट्ट्या राह्यतात बाजूनं." आणि अर्धी भाकर टाकून उठल्या. ही बाई नवऱ्यामागं एकटीनं शेती सांभाळलेली, रानडुकराच्या मागं काठी घेऊन धावलेली. पण त्या गाडीला दारं नाहीत ही गोष्ट तिच्या काळजात जी रुतली ती रुतलीच.

निघताना गोविंदानं मला बाजूला घेऊन बजावलं. चेहरा आणि गाडी एका फोटोत कधी दिसता कामा नये. "मले टीममधून काढतीन, ते जाऊ दे. पण माह्यासंगं जे बसतात त्यायच्या जिवाचं काय? कोणाच्या हाती फोटो लागन, सांगता येते का?"

त्यानंतर त्याचा फोन आला की आत्याबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. जेवला का, झोपला का, हे नंतर. आधी, "दारं बसवली का रे बाबू?" यंदाच्या नवरात्रात टीव्हीवर रोज सीमा, रोज तोफा, रोज ओरडणारे लोक. आत्याबाई देवीच्या आरतीलाही टीव्हीचा आवाज कमी करू देईनात. शेवटी अष्टमीला तो जेरीस आला आणि त्यानं आईच्या फोनवर एक फोटो पाठवला. पाइप किती जाड आहेत, पट्टे कसे बांधतात, ते बघ आणि लगेच अश्विनीकडून, म्हणजे माझ्याकडून, पुसून घे, असं बजावलं. शहाणा माणूस आईपुढं कसा वेडा होतो बघा. मी पार्लरमध्ये होते. सणाची गर्दी होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावात सगळीकडं ट्रॅक्टर धुतलेले, मोटारसायकलींना झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. दुपारी घरी आले तर देवघरात कोयत्या-विळ्यांच्या शेजारी एक मोठा, चकचकीत फोटो टेकवून ठेवलेला. गोविंदा स्टिअरिंगवर, मागं त्याचे दोन जोडीदार, सगळ्यांची तोंडं स्वच्छ. फोटोला हळद-कुंकू आणि कागदी चाकांच्या बरोबर खाली लिंबं. समोर नारळ फोडलेला.

मी विचारलं, "हा छापला कोणी?"

"गोपाळनं," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या दुकानातून काढून आणला. गाडी इथं येत नाही तं पूजा कशाची करू? नव्या गाडीले नारळ फोडाव लागते का नाही?"

"कोणाले सांगितलं तर नाही ना?"

"नाही व. गोपाळले शपथ घातली."

मी तिच्या फोनातून फोटो पुसला आणि तशीच गोपाळच्या दुकानाकडं धावले. गोपाळ म्हणजे आमच्या चौकातला फ्लेक्सवाला. लग्न, वाढदिवस, नियुक्ती, श्रद्धांजली, सगळ्यांचे बोर्ड त्याच्याचकडं. पण दुकानाचं शटर खाली आणि शटरला हार. मशीनची पूजा करून तो खामगावला सासुरवाडीला गेला होता. फोन लावला तर लागेना. सकाळी बघू, असं म्हणून मी परत आले.

सकाळी बघितलंच. चौकात, पिंपळासमोर, दोन मजली उंचीचा फ्लेक्स. एका बाजूला हात जोडलेले, मान किंचित खाली घातलेले हिंमतराव. यांना यंदा पंचायत समितीला उभं राहायचं आहे, म्हणून गावात कोणाला मुलगा झाला तरी यांचा बोर्ड लागतो. दुसऱ्या बाजूला, झेंडूच्या माळेच्या गोल चौकटीत, माझा नवरा त्याच्या गाडीत. गाडीवरची खूण दिसत होती. जोडीदारांच्या मिशासुद्धा मोजता आल्या असत्या. आणि खाली लिहिलं होतं, 'मोहिमेवर निघालेल्या गावच्या वीर सुपुत्रास विजयादशमीच्या शुभेच्छा.'

मोहिमेवर. नवरा मोहिमेवर निघालाय, हे मला फ्लेक्सनं सांगितलं.

बोर्ड उतरल्यावर गोपाळकडून कळलं, आईला तो म्हणाला होता, दसऱ्याला फोन लागणार नाही. त्यातलं जे समजायचं ते तिनं समजून घेतलं आणि शपथ घालून गोपाळला सांगितलं. गोपाळ फोटो छापत होता तेव्हा हिंमतराव आपला दसऱ्याचा बोर्ड करून घ्यायला मागंच उभे होते. शपथ गोपाळला होती, हिंमतरावांना कुठं होती?

त्या वेळी हे जोडत बसायला डोकं जागेवर नव्हतं. एवढंच दिसत होतं की पोरं बोर्डसमोर उभी राहून सेल्फी काढतायत आणि हिंमतराव पांढऱ्या कपड्यांत मिरवतायत. कोणीतरी म्हणालं, चॅनेलवाला राम चिखलीहून निघालाय, येऊन लाइव्ह करणार आहे. लाइव्ह! तो कॅमेरा उघडण्याआधी बोर्ड खाली यायला हवा होता, आणि का यायला हवा हे मला कोणालाही सांगता येत नव्हतं. 'हे गुपित आहे' असं अमडापूरच्या चौकात म्हणायचं, म्हणजे दवंडीच. बोर्ड उतरला असता आणि गुपित घरोघर गेलं असतं.

"या सूनबाई!" हिंमतराव म्हणाले. "पाह्य, कसा लावला आपल्या गोविंदाचा बोर्ड!"

"भाऊ, काढा हा."

"काऊन?"

मला सुचलं ते बोलले. "तुमचा फोटो मोठा अन् यायचा लहान. हे बरं दिसते का?"

बोर्डावरून भांडणं आमच्याकडं नवी नाहीत. नाव राहिलं, फोटो खाली गेला, यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. मला वाटलं चालून जाईल. पण हिंमतरावांनी माझा मुद्दा एकदम मान्य केला.

"खरं हाय तुमचं! गोपाळ, उद्याच्या उद्या डबल साइजचा काढ बे. एक इथं, एक चिखली नाक्यावर."

गोपाळ खामगावहून आलेला होताच, तो मान डोलावू लागला. लोक हसले. एक पोरगा मोबाइल वर धरून म्हणाला, "काकू, जरा बाजूले सरका, गाडी येऊन नाही राह्यली फोटोत."

मी पुन्हा बोर्डाकडं पाहिलं. झेंडूची माळ. गोल चौकट. चौकटीखाली एक छोटीशी समई, घाईत तशीच राहिलेली. हात जोडून मान खाली घातलेले हिंमतराव. गोपाळनं दुसऱ्या कुठल्या तरी बोर्डाचा साचा उचलला होता, आणि तो कशाचा होता हे मला एका क्षणात दिसलं. मला ते दिसायला नको होतं. कारण दिसल्यावर ते वापरावंच लागणार होतं.

बाईनं ते तोंडातून काढू नये. मनातही आणू नये. सणाच्या दिवशी तर नाहीच नाही. पंधरा दिवस झोपेत दचकून उठत होते ती याच एका गोष्टीच्या भीतीनं. मी डोळे मिटले आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडले.

"हा शुभेच्छेचा बोर्ड हाय का श्रद्धांजलीचा? माळ घातली, समई लावली, हात जोडले! जित्या माणसाले माळ घालता? दसऱ्याच्या दिवशी मले विधवा करता का तुमी?"

सगळ्यांची डोकी एकदम वर वळली आणि सगळ्यांना ते दिसलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. हिंमतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं जोडलेले हात सोडले, जणू बोर्डावरचेही सुटणार होते.

मी थांबले नाही. "अन् ज्याच्या ज्याच्या फोनात हा फोटो असन त्यानं आताच काढून टाका. असं अभद्र घरात नेलं तं कोणाच्या घरावर येईन, सांगता येत नाही!"

पटापट मोबाइल बाहेर आले. मघाचा पोरगा तर घाबरून मला दाखवायलाच आला की बघा काकू, पुसला, कोणाले पाठवला बी नव्हता. गोपाळनं दुकानात जाऊन मशीनमधलाही पुसला. हिंमतरावांनी स्वतः दोरी कापली. राम येऊन पोचला तेव्हा पिंपळासमोर नुसते बांबू उभे होते. फ्लेक्सची गुंडाळी मी काखेत मारली आणि वळले, तर गर्दीच्या कडेला आत्याबाई उभ्या. मुलाचा बोर्ड लागलाय असं ऐकून नवं लुगडं नेसून बघायला आल्या होत्या.

"तुह्या जिभेले हाड नाही का व?" एवढंच म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पाठ फिरवून चालायला लागल्या.

घरी मी तिला समजावलं. फोटो बाहेर गेला असता तर काय झालं असतं, का ओरडावं लागलं, सगळं. ती देवघरासमोर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पाणी घेतलं नाही, पुरणाला हात लावला नाही. मी एकदा "आत्याबाई" म्हटलं तर तिनं घंटी वाजवायला सुरुवात केली. मग मीही चूल पेटवली नाही. गॅसची शेगडी आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. कणीक तशीच परातीत वाळली.

उन्हं कलली तेव्हा शेजारच्या सुभद्राबाई मागच्या दारानं आल्या. झाकलेलं ताट माझ्या हातात ठेवलं आणि पदर डोळ्याला लावला. मी झाकण काढलं. पिठलं-भाकर.

दसऱ्याच्या दिवशी पिठलं-भाकर! आमच्याकडं हे ताट शेजारी फक्त एकाच प्रसंगी आणतात. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून.

"हे काऊन आणलं?"

"घासभर खाऊन घे, माय. धीर धराव लागते."

"अहो, काही झालं नाही! कोणी सांगितलं तुमाले?"

"सगळं गाव बोलून राह्यलं," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि मी अजून सावरलेली नाही अशा नजरेनं माझ्याकडं बघून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

चौकात मी जे ओरडले ते अर्ध्या गावानं ऐकलं आणि उरलेल्या अर्ध्यानं त्यांच्याकडून. श्रद्धांजली, बोर्ड, गोविंदा, विधवा. चार शब्द घरोघर फिरले आणि जुळले ते असे. दिवेलागणीला माणसं यायला लागली. दसऱ्याच्या संध्याकाळी कोणी रिकाम्या हातानं दारात येत नाही, आपट्याचं पान तरी असतं. ही सगळी रिकाम्या हातांनी आली. ओट्यावर, अंगणात, भिंतीला टेकून बसली. एका म्हाताऱ्याच्या खिशातून पानाचं टोक डोकावत होतं, ते त्यानं बोटानं आत ढकललं.

मी दारात उभी राहून सांगितलं की काही झालेलं नाही, घरी जा. त्यांनी माना हलवल्या. कोणी उठलं नाही. खरंच काही झालं असतं तरी मी हेच म्हणाले असते, असं त्यांना वाटत असणार.

मग हिंमतराव आले. टोपी हातात घेऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, जिल्ह्यावरून काही निरोप आला का?"

"नाही. तुमाले आला का?"

"मले कसा येईन?" ते म्हणाले, पण नजर खाली घातली.

नजर का खाली घातली? यांची ओळख तर वरपर्यंत. यांना काही कळलं असेल आणि सांगवत नसेल तर? इतकी माणसं उगीच येतात का? मीच सकाळी सोडलेलं खोटं, माझ्याच दारात येऊन बसलं होतं, आणि मला ते ओळखू येईना. फोन उघडून मी बातम्या बघायला लागले. सीमेवर स्फोटाचे आवाज, अशी एक ओळ होती, खाली काही नाही. दारं नसलेली गाडी. गोळी येईपर्यंत पुढं निघून जातो म्हणाला होता. आणि नाही निघता आलं तर? सकाळी मी देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले होते. देवानं ते मागणं समजून घेतलं असेल तर?

मला रडू कोसळलं, आणि मला रडताना पाहून अंगणातल्या बायकांनी गळा काढला.

तेव्हाच फोन वाजला. अनोळखी नंबर. अंगण एकदम चूप. दसऱ्याला फोन लागणार नाही, असं तो सांगून गेला होता, म्हणजे हा त्याचा नव्हे. दुसऱ्या कोणाचा असेल, आणि असे फोन कशासाठी येतात ते फौजेतल्या प्रत्येक घराला माहीत असतं. माझं बोट उठेना. आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उचल," त्या म्हणाल्या. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द.

"अश्विनी?"

त्याचा आवाज. मी खालीच बसले.

"काऊन बोलून नाही राह्यली? सोनं लुटलं का?"

"हाव," मी कसंबसं म्हटलं. "लोक आलेत."

"मंग एवढे गुपचूप काऊन?"

"तुमचा फोन हाय म्हणून."

"आईनं नारळ फोडला का?"

"फोडला. लिंबं बी ठेवली."

"बरं झालं. ऐक, कालच जाचं होतं, राह्यलं. आता चाललो. काही दिवस फोन लागणार नाही. घाबरू नोको."

म्हणजे तो अजून निघालाच नव्हता. सकाळी तो बोर्ड लागला तेव्हा गाडी अजून जमिनीवरच होती. मी जे केलं ते वेळेत केलं होतं. आणि ज्याची भीती वाटत होती ते सगळं अजून व्हायचंच होतं. मला त्याला बोर्डाचं सांगायचं होतं, मला फार भीती वाटते हेही सांगायचं होतं. मी म्हटलं, "आत्याबाईंशी बोला."

आत्याबाईंनी फोन कानाला घट्ट लावला. सगळ्यांना वाटलं आता म्हातारी हंबरडा फोडणार. ती म्हणाली, "बाबू, पोटभर जेवून निघजो. अन् पाइप घट्ट धरून बसजो." मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. पलीकडून फोन बंद झाला होता तरी.

फोन खाली ठेवून तिनं अंगणाकडं पाहिलं. "अश्विनी, चहा ठेव. सगळ्यायले."

चूल पेटली, चहाचा वास आला तशी माणसं सैल झाली. कोणी मोठ्यानं खोकलं, कोणी हसलं. खिशांतून, कनवटीतून आपट्याची पानं बाहेर यायला लागली. हिंमतरावांनी आत्याबाईंच्या हातावर सोनं ठेवून पायाला हात लावला, आणि डबल साइजच्या बोर्डाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मी स्वयंपाकघरात पातेल्यासमोर उभी होते. साखर ओट्यावर सांडत होती. आत्याबाई आत आल्या, टोपलीतून लिंबं घेतली. "कालची वाया गेली," त्या म्हणाल्या. "गाडी तं आता निघून राह्यली." देवघरातला फोटो त्यांनी काढून आणला आणि माझ्या हातात दिला. "धर सरळ."

मी धरला. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि वाकून, डोळे बारीक करून, गोविंदाच्या बाजूनं त्या उघड्या पाइपांवर कुंकवाची एक जाड रेघ ओढली. मग खाली एक, आडवी एक. मग मागच्या दोघांच्या बाजूनंही. चौकोन वेडेवाकडे आले होते, पण दारंच होती ती.

चहा उतू जायला लागला होता. आत्याबाईंनी बोट पदराला पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"एवढ्यानं वजन नाही वाढत ना व?"

"नाही," मी म्हटलं.